ते बाळसं नव्हतं

“बाळसं छान धरलंय की हिनं,” डॉक्टर बाई म्हणाल्या आणि माझ्या मुलीचा गाल दोन बोटांत धरून हलवला.

माझी मुलगी हसली. तिला वाटलं कौतुक चाललंय. सात वर्षांची पोर, तिला काय कळणार. टेबलाच्या पलीकडे तीन माणसं होती. मधे मोठे साहेब, त्यांच्या एका बाजूला या डॉक्टर बाई, दुसऱ्या बाजूला शेरे लिहून घेणारा क्लार्क. अलीकडे आम्ही दोघी मायलेकी उभ्या. खुर्ची होती एक, पण तिच्यावर फायलींचा गठ्ठा ठेवलेला, आणि तो कुणी उचलला नाही.

मी म्हटलं, मॅडम, बाळसं नाही ते, सूज आहे. किडनीची. नडगीवर बोट दाबून बघा, खड्डा राहतो. मी तिचा फ्रॉक वर धरलासुद्धा. बाईंनी बोट लावलं नाही. त्या फ्रॉकच बघत होत्या. पांढरा फ्रॉक, कमरेला निळी फीत, जयंतीला शिवलेला. पायात मोजे. दोन घट्ट वेण्या. तोंडाला पावडर.

“कपडे तर झकास आहेत,” साहेब म्हणाले. मग त्यांनी फाइलवरचं आमचं आडनाव वाचलं, जरा थांबले. “तुम्हाला तशा सगळ्या सवलती असतातच ना. मग या रांगेत पण तुम्हीच?”

क्लार्क हसला. आणि मीही हसले.

हे मला आधी सांगून टाकायचंय, म्हणजे नंतर कुणाला मी फार शूर वाटायला नको. मी हसले. साहेब काहीतरी गमतीचं बोललेत आणि आपण हसायचं असतं, एवढंच त्या क्षणी अंगात होतं. बाहेर आल्यावर जिन्यात मितूने विचारलं, आई, ते काका काय म्हणाले? मी म्हटलं, फ्रॉक छान आहे म्हणाले.

मितू म्हणजे माझी मुलगी. नाव संघमित्रा, पण एवढं मोठं नाव हाक मारायला कुणाला वेळ आहे. ती चार वर्षांची असताना तिला खोकला झाला. आम्ही ठाण्याजवळ दिव्याला राहतो. तिथल्या एका डॉक्टरने पातळ औषध लिहून दिलं, मी मेडिकलमधून आणलं. झाकणाला आतून रेघ असते, त्या रेघेपर्यंत भरून, दिवसातून तीनदा. मी मापात चुकले नाही. झाकण दरवेळी उकळलेल्या पाण्याने धुतलं. चौथ्या दिवशी तिची लघवी बंद झाली, आणि दोन दिवसांनी ती मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात डायलिसिसच्या मशीनवर होती. मग बाजूच्या खाटांवर आणखी मुलं येत गेली. कल्याणची, डोंबिवलीची, पार खडवलीची. सगळ्यांच्या घरात तीच बाटली. काही मुलं घरी परत गेलीच नाहीत.

औषधात विष होतं, असं तपासणीत निघालं. कारखान्याला टाळं लागलं. पण ते औषध बाजारात सोडलं सरकारच्याच माणसांनी, सही-शिक्क्याने. म्हणून सरकारने जाहीर केलं, या मुलांना भरपाई देऊ. गेली त्यांची एक यादी. जगली त्यांच्या दोन याद्या, ‘पूर्ण बरे’ आणि ‘कायमची बाधा’. कोण कुठल्या यादीत ते ठरवणार त्या टेबलामागची समिती. पूर्ण बरे, म्हणजे एकदाच काहीतरी हातावर टेकवायचं आणि फाइल बंद. कायमची बाधा, म्हणजे पुढची सगळी औषधं, सगळं ऑपरेशन-बिपरेशन सरकारकडे, मूल मोठं झालं तरी. मितूच्या किडन्या निम्म्यापण चालत नाहीत. आज ना उद्या पुन्हा मशीन, आणि मग किडनी बदलायची, असं हॉस्पिटलवाल्यांनी स्पष्ट सांगितलंय. माझा नवरा दुसऱ्याचा टेम्पो चालवतो. तेव्हा त्या दोन याद्यांतल्या कुठल्या यादीत नाव जातं, यावर माझी पोर वीस वर्षांची होणार की नाही हे ठरणार होतं. दुसरं काही नाही.

मग मी तिला नटवून का नेली? सगळ्यांनी मला हेच विचारलं.

माझे वडील कल्याणला सफाईच्या खात्यात होते. गटारात उतरायचे. पण सरकारी कागदासाठी कुठे जायचं असलं, दाखला असो, रेशनकार्ड असो, की आदल्या दिवशी शर्ट धुऊन, खळ घालून, तांब्यात निखारे भरून इस्त्री. आम्हा पोरांनापण तसंच. म्हणायचे, ते आपल्याला बसा म्हणणार नाहीत, पण आपण उभं तरी नीट राहायचं. आमच्या घरात शाळेचं पुस्तक नसेल एखाद वेळेस, पण मळक्या कॉलरचा शर्ट घालून कचेरीत कुणी गेलं नाही. ते माझ्या हाडात बसलंय. सुनावणीच्या आदल्या दिवशी दिव्यात पाणी आलं नव्हतं. मी शेजारून एक हंडा मागून आणला आणि तिचा फ्रॉक धुतला.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. ‘बालिका नीटनेटकी व हसतमुख. प्रकृती समाधानकारक. प्रवर्ग : पूर्ण बरे. हरकत असल्यास एकदा फेरसुनावणी मिळेल.’ मी ते तीनदा वाचलं. रक्ताच्या रिपोर्टचा एक शब्द नव्हता त्यात. मी दिलेली जाडजूड फाइल कुणी उघडलीच नव्हती. पोरगी हसली म्हणून बरी, वेण्या नीट म्हणून बरी. असल्या डॉक्टरकीला काय म्हणायचं?

मी नौपाड्यात एका दवाखान्यात कामाला आहे. केर-फरशी, पेशंटना नंबराने आत सोडणं. माझ्यापेक्षा मोठी माणसंपण मला मावशी म्हणतात. डॉक्टरांच्या मिसेस काउंटर बघतात, त्यांना आम्ही मॅडम म्हणतो. वाईट नाहीत त्या. मितू हॉस्पिटलात होती तेव्हा त्यांनी माझा पगार कापला नव्हता, हे खरं आहे. माझा चहाचा कप वेगळा खिडकीत असतो, हेपण खरं आहे. मी ते पत्र त्यांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे बघितलं.

“अगं, तू तिला नटवून नेलीस? वेडी की काय तू? रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही.”

मग त्यांनी मला सगळं समजावलं, अगदी प्रेमाने. अंघोळ घालायची नाही. केस विंचरायचे नाहीत. फाटका नको, पण विटका फ्रॉक घालायचा. तू पण साडी साधी नेस आणि इंग्रजी शब्द वापरू नकोस. आणि सकाळची ती लघवीची गोळी असते ना, ती त्या दिवशी देऊ नको. आदल्या दिवशीपण देऊ नको. सूज वर येऊ दे, त्यांना दिसू दे. एक-दोन दिवसांनी काही बिघडत नाही.

मी मान हलवली. त्यांचा राग नाही आला. उलट मला वाटलं, या शिकलेल्या माणसांना जग कसं चालतं ते ठाऊक असतं, आपणच येडे. माझा बाप येडा, खळ घालत बसला.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, बाकी काय करायचं ते कर, गोळीचं नको करू. मी म्हटलं, मग तू येतोस का त्या टेबलासमोर उभा राहायला? तो टेम्पोची किल्ली घेऊन बाहेर गेला. आमच्याकडे भांडण असं संपतं.

मितू गोळीच्या बाबतीत माझ्यापेक्षा पक्की आहे. चार वर्षांची असल्यापासून घेतेय. सकाळी दात घासले की स्वतः वाटी पुढे करते. पहिल्या दिवशी मी सांगितलं, संपलीय, आणते. दुसऱ्या दिवशी, म्हणजे सुनावणीच्या दिवशी, तिचे डोळे उघडत नव्हते सुजेने. पावलं चपलेत जाईनात. मी तिला तशीच उठवली. तिने केस पुढे करून फणी माझ्या हातात दिली, ती मी फळीवर ठेवून दिली. ती काही बोलली नाही. जुना पिवळा फ्रॉक घातला, बगलेत उसवलेला. ठाण्याला उतरून त्या ऑफिसापर्यंत चालत जाताना लोक आमच्याकडे बघत होते, आणि मला आतून बरं वाटत होतं की दिसतंय, चांगलं दिसतंय. आई आहे मी तिची.

वर गेले तर पॅसेजमध्ये सगळ्या आयाच.

मी त्यांना ओळखत होते. एकाच वॉर्डात महिना-दीड महिना काढलाय आम्ही. कुणाचं पोर कधी रडतं, कोण डब्यात काय आणते, सगळं ठाऊक. त्यातली खडवलीची एक, आमच्या बाजूच्या खाटेची. तिथे मशीनच्या नळ्या लावलेल्या असायच्या, तरी ही बाई रोज संध्याकाळी पोराचं तोंड पुसायची, पावडर लावायची, गालाला काजळाचा ठिपका लावायची. नर्स ओरडायच्या तरी ऐकायची नाही. ती आज भिंतीला टेकून बसलेली आणि पोर मांडीवर. भोकाचं बनियन. नाकाखाली शेंबूड वाळलेला. मी जवळ गेले तशी तिने तोंड फिरवलं.

मी खाली बसले. ती माझ्याकडे न बघता बोलली.

“सकालपासून काय दिला नाय पोराला. मलूल दिसंल म्हून.”

पोराचे डोळे अर्धे मिटलेले. तोंड सुकलेलं. त्याच्या डोळ्यांसमोरून कुणीतरी वडापाव खात गेलं तर त्याने मान वळवून वळवून बघितलं.

मग मी सगळीकडे नजर टाकली. एकाही पोराचे केस विंचरलेले नव्हते. एकीने मुलाच्या पायातल्या चपला काढून स्वतःच्या पिशवीत घातलेल्या, त्यांचा पट्टा बाहेर दिसत होता. आम्हाला प्रत्येकीला कुणी ना कुणी शहाणी मॅडम भेटलेली. आणि सगळ्या एकमेकींच्या पोरांकडे चोरून बघत होत्या. मीपण. माझी जास्त सुजलीय की त्या कोपऱ्यातली, हे मी मापत होते. ज्या बायकांनी वॉर्डात एकमेकींच्या पोरांचे लघवीचे डबे धुतले, त्या आता कुणाचं पोर जास्त मरतुकडं दिसतं याची स्पर्धा लावून बसल्या होत्या. लाज वाटली.

मितूने माझा पदर ओढला. ती हळू बोलते, चारचौघांत तर फारच हळू.

“आई, मी मस्ती केली म्हणून गोळी नाही देत का?”

दोन दिवस ही पोर हाच विचार करत होती. आपल्याला शिक्षा चाललीय. कशाबद्दल ते तिला आठवत नव्हतं, पण आई देत नाही म्हणजे आपलंच काहीतरी चुकलं असणार. म्हणून तर फणी ठेवून दिली तेव्हा ती एक शब्द बोलली नव्हती.

गोळ्यांची पट्टी माझ्या पर्समध्येच होती. संपली-बिंपली काही नव्हती. मी एक गोळी काढून, रोजच्यासारखी अर्धी तोडून तिच्या हातावर ठेवली, पाण्याची बाटली दिली. तिने गिळली आणि जीभ बाहेर काढून दाखवली, वॉर्डात नर्सला दाखवायची तशी. तेवढ्यात आमचं नाव पुकारलं.

आत तीच तीन माणसं. डॉक्टर बाईंनी मितूकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला.

“हां, आज कशी पेशंट वाटतेय. मागच्या वेळी उगाच नटवून आणलीत. आम्हाला कसं कळणार?”

त्यांनी क्लार्कला सांगितलं, बाधा आहे, लिहा. क्लार्कने पेन उचललं. फाइल टेबलावर पडलेली, दोरी तशीच बांधलेली. साहेब मला म्हणाले, काम झालं तुमचं, फक्त दरवर्षी एकदा फेरतपासणीला घेऊन या, समितीला दाखवा.

मी ज्याच्यासाठी आले होते ते माझ्यासमोर लिहिलं जात होतं. गप्प राहायचं होतं, बस. हात जोडायचे, उपकार झाले म्हणायचं आणि जिना उतरायचा. माझी जीभ तेच म्हणायला उचललीसुद्धा होती. पण ते ‘दरवर्षी’ माझ्या डोक्यात अडकलं. दरवर्षी दोन दिवस गोळी बंद. दरवर्षी पोरीला सुजवायची, विस्कटायची, आणि या टेबलासमोर आणून उभी करायची. आठव्या वर्षी, दहाव्या वर्षी, बाराव्या वर्षी, तिला सगळं कळायला लागल्यावरसुद्धा. आणि ज्या वर्षी ती हसेल त्या वर्षी पुन्हा पूर्ण बरी.

मी म्हटलं, “थांबा, लिहू नका.”

क्लार्कने पेन वर धरलं.

“मी हिला दोन दिवस गोळी दिलेली नाही. मुद्दाम. तुम्हाला सूज दिसावी म्हणून. केस पण मुद्दाम विंचरले नाहीत. आत्ता बाहेर दिली गोळी. मागच्या वेळी जेवढी आजारी होती तेवढीच आज आहे, रिपोर्ट त्या फायलीत आहेत. तुम्ही दोन्ही वेळेला दोरी सोडली नाहीत. सोडा.”

क्लार्कने पेन खाली ठेवलं. मग साहेबांचा आवाज चढला. म्हणजे तुम्ही समितीची फसवणूक केलीत, असं ते म्हणाले. हे नोंदवावं लागेल. मुलीचा जीव धोक्यात घातलात, हेही नोंदवावं लागेल. तुमच्यावर कारवाई होऊ शकते. मला वाटलं, चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

मी फायलीवर बोट ठेवलं.

“नोंदवा साहेब. मी त्याच्याखाली सही करते, मला सही येते. आणि मागच्या वेळी न वाचता माझी पोरगी बरी लिहिली, ते पण नोंदवा. त्याच्याखाली तुमची सही द्या.”

डॉक्टर बाईंनी फाइल ओढली. दोरीची गाठ त्यांना सुटेना, मी केव्हाची घट्ट मारलेली. क्लार्कने सोडून दिली. त्या पानं उलटत गेल्या आणि एका पानावर थांबल्या. किडनी किती चालते ते सांगणारे क्रिएटिनिनचे आकडे होते तिथे, तीन वर्षांचे, ओळीने. त्यांनी ते पुन्हा वरपासून वाचले. मग साहेबांकडे वळून हळू इंग्रजीत बोलल्या. माझ्याकडे त्यांनी नंतर एकदाही बघितलं नाही, मितूकडेही नाही. साहेब म्हणाले, प्रकरण राखून ठेवतो, तुम्ही या आता. मी म्हटलं, कारण लिहून द्या, मग जाते. शिपाई दारात आला. मी मितूचा हात धरून उभी राहिले. पुढचं नाव पुकारलं तरी उभी राहिले. शेवटी क्लार्कने एका कागदावर लिहिलं, ‘तपासणी अहवाल न पाहिल्यामुळे प्रकरण तज्ज्ञांकडे फेरविचारार्थ’. ते वाचून साहेब क्लार्कवर डाफरले, मग तोंड वाकडं करून सही केली. बहुतेक आम्हाला घालवायला.

बाहेर आले. खडवलीचीने विचारलं, “आतमंदी काय झाला?” मी सगळं सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आत फाइल उघडतच नाहीत, पोराकडे बघून ठरवतात, आज मरतुकडं दिसलं तर बाधा, उद्या हसलं तर बरं. दोघी-तिघी माझ्यावर चिडल्या. तू तुझं वाटोळं केलंस, आता आमचंपण करशील, असं एक जण तोंडावर बोलली. तिचं चूक नव्हतं. खडवलीची खाली बसली. तिने पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला, फाडला आणि पोराच्या हातात दिला. त्याने दोन-दोन एकदम तोंडात कोंबली. मग ती म्हणाली, मला पण तसा कागुद लिवून दे. मी दहावीपर्यंत शिकलेय. तिथेच जिन्यावर बसून, फाइल वाचून ठरवा असा तिचा अर्ज लिहिला, मग दुसरीचा, आणि संध्याकाळपर्यंत चिडलेल्यांपैकी पण एकीचा.

याला तीन महिने झाले. प्रकरण अजून राखूनच आहे. मॅडम माझ्याशी नीट बोलत नाहीत. हातात आलेलं घालवलंस, असं म्हणाल्या त्या, आणि तुम्हा लोकांना कुणी चांगलं सांगितलं तरी पचत नाही, असंही म्हणाल्या. मी फरशी पुसत होते. मी म्हटलं, “पोरीची औषधं चुकवायला सांगणं चांगलं नसतं मॅडम.” नोकरी अजून आहे. पुढच्या महिन्यात असेल का, ठाऊक नाही. कधी कधी मलाही वाटतं की गप्प बसले असते तर? वाटतं, खोटं कशाला बोलू. मितूचा नवा रिपोर्ट आलाय आणि आकडा थोडा वर सरकलाय, म्हणजे किडनी आणखी बिघडलीय. त्या दोन दिवसांमुळे नाही, असं हॉस्पिटलचे डॉक्टर म्हणतात. माझा विश्वास बसत नाही. ते दोन दिवस माझ्या नावावर आहेत, आणि ते मी कुणावर ढकलणार नाही.

पण एक ठरलंय. दर सोमवारी मी त्या ऑफिसात जाते, आता आम्ही सहा जणी जातो. साहेब जागेवर नसतात, मग आवक-जावकला अर्ज देतो आणि पोच घेतो. ते फायलीला ‘मदत प्रकरण’ म्हणतात. मी दर वेळी भरपाई लिहिते. दया मागायला मी जात नाही. त्यांनी पास केलेल्या औषधाने माझी पोर मरता मरता वाचली. ती शाळेत जाते, नाचते, मैत्रिणींशी भांडते, दात पडलेलं तोंड उघडून खदाखदा हसते, आणि ती आजारी आहे. अशा हसणाऱ्या मुलीच्या नावापुढे त्यांना ‘कायमची बाधा’ लिहावं लागेल. ते लिहून घेतल्याशिवाय मी मरणारसुद्धा नाही.